गाण्यांचे फॅन अन् लोकसभेची निवडणूक: नागपुरातला फॅन ग्रुप नेमकं काय करू शकतो?

अमेरिकेत २०२४ साली गायिका टेलर स्विफ्टच्या फॅन लोकांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्यासाठी 'स्विफ्टीज फॉर कमला' नावाचा गट काढला ते आपल्याकडच्या पोट्ट्यापोट्टींनी रीलमध्ये पाहिलंच असेल, आणि तेव्हापासून कॉलेजातली पोरं भेटली की हा प्रश्न येतोच, ताई आपल्या नागपुरात असं काही करता येईल का, आमचा के-पॉपवाल्यांचा, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांच्या फॅनचा, एवढा मोठा ग्रुप आहे, सगळे अॅक्टिव्ह आहेत. उत्तर हो असंच आहे. पण कसं करायचं ते समजून न घेता उडी मारली तर एकतर सगळी मेहनत पाण्यात जाते नाहीतर उगाच कायद्याच्या भानगडीत अडकायला होतं, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिले.

पहिले एक समज डोक्यातून काढा. आवडता गायक एक पोस्ट टाकतो आणि लाखो लोक धावत जाऊन मत देतात, असं होत नसते. काम होतं ते फॅन लोकांच्या आपसातल्या सवयींमुळे. कोणताही चांगला फॅन ग्रुप घ्या, मुंबईतल्या कॉन्सर्टचं बुकिंग उघडणार असलं की कोणीतरी आधीच सगळ्यांना सांगून ठेवते की लिंक किती वाजता उघडते, कोणतं कार्ड चालते, नंबर लागला की पेज रिफ्रेश करायचं नाही, मग रेल्वेची तिकिटं कोण काढणार, मुक्काम कोणाच्या मावशीकडे, अन् ज्या पोरीच्या घरून परवानगी नाही तिच्या आईला फोन कोण करणार. हे सगळं बिनपैशाचं अन् मनापासून होते. निवडणुकीत सगळ्यात जास्त कमी पडते ती नेमकी हीच माणसं, म्हणजे दुसऱ्याचा फॉर्म भरला गेला की नाही, तारीख टळली तर नाही ना, याची काळजी करणारी.

अमेरिकेत हे सुरू कुठून झालं

तिकडची एक गोष्ट आधी समजून घ्या नाहीतर बाकीचं कळत नाही. अमेरिकेत मतदार म्हणून नोंदणी मुख्यतः ज्याची त्यानं करायची असते अन् प्रत्येक राज्याचे नियम, तारखा, फॉर्म वेगळे, नॉर्थ डकोटा राज्यात तर नोंदणी हा प्रकारच नाही. जो तरुण घर बदलतो, शहर बदलतो तो यादीतून सुटतो. मग असे तरुण हजारोंनी एका जागी कुठे सापडतात? गाण्याच्या कार्यक्रमात. १९९० साली 'रॉक द व्होट' ही संस्था म्युझिक इंडस्ट्रीतल्या लोकांनी काढली, एमटीव्हीवर जाहिराती केल्या, आणि १९९३ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणी करता यावी असा कायदा झाला त्यामागे जोर लावणाऱ्यांमध्ये तेही होते.

मला स्वतःला जास्त शिकण्यासारखी वाटते ती 'हेडकाउंट'. २००४ मध्ये मार्क ब्राउनस्टीन या बेस गिटार वाजवणाऱ्यानं अँडी बर्नस्टीन या मित्रासोबत ती सुरू केली. ज्या बँडचे फॅन गावोगाव टूरच्या मागे फिरतात अशा बँडच्या कार्यक्रमात गेटजवळ एक टेबल लावायचं, हातात क्लिपबोर्ड घेतलेले व्हॉलंटियर, तेही त्याच बँडचे फॅन, अन् येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच विचारायचं की तुझी नोंदणी झाली का, पत्ता बदलला का. कोणाला मत देणार हे विचारायचं नाही. बस. अशा साध्या कामातून दहा लाखांच्या वर लोकांची नोंदणी झाली.

त्याच काळात दुसऱ्या पद्धतीचंही काम झालं. ग्रेटफुल डेड या जुन्या बँडचे हयात असलेल्यांपैकी काही कलाकार ४ फेब्रुवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ओबामांसाठी एकत्र येऊन वाजवले अन् कार्यक्रमाचं नावच होतं 'डेडहेड्स फॉर ओबामा', डेडहेड्स म्हणजे त्या बँडचे फॅन. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियात पुन्हा वाजवले. हे उघड उघड एका उमेदवाराचं काम होतं अन् त्यांनी ते लपवलंही नाही.

म्हणजे फॅन लोकांची कामं दोन प्रकारची. एक, "मत द्या". दुसरं, "अमुकला मत द्या". दोन्ही कायदेशीर आहेत, दोन्हीला लोकशाहीत जागा आहे, पण दोन्हीचे नियम वेगळे, माणसं वेगळी अन् एकाच ग्रुपमध्ये एकाच नावानं दोन्ही करायला गेलं की ग्रुप फुटतो. ज्या ग्रुपमध्ये लोक एका गायकाच्या प्रेमापोटी जमले तिथे सगळ्या पक्षांचे लोक असतात हे गृहीतच धरा. माझं मत विचाराल तर ग्रुपच्या नावावर फक्त पहिलं काम करावं, दुसरं ज्याला करायचं त्यानं स्वतःच्या नावावर, वेगळा ग्रुप काढून, उजळ माथ्यानं करावं.

पोस्टनं काय होते अन् काय होत नाही

आता टेलर स्विफ्टचे आकडे बघा, कारण ते सगळे चुकीचे सांगत फिरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवर फक्त "नोंदणी करा" एवढं सांगून लिंक टाकली, त्या दिवशी व्होट डॉट ऑर्ग या मतदार नोंदणीच्या वेबसाइटवर ३५ हजारांच्या वर नोंदण्या झाल्या. १० सप्टेंबर २०२४ ला तिनं कमला हॅरिसला पाठिंबा जाहीर केला अन् सरकारी वेबसाइटची लिंक दिली, तर २४ तासांत त्या लिंकवरून जवळपास ४ लाख ६ हजार लोक साइटवर गेले. पण साइटवर गेले म्हणजे नोंदणी झाली असं नाही, नोंदणी झाली म्हणजे मत पडलं असंही नाही. लिंक उघडणं, फॉर्म पूर्ण भरणं, नाव यादीत येणं आणि त्या दिवशी केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत अन् प्रत्येक पायरीवर माणसं गळतात.

ही गळती थांबवायला स्टार उपयोगी पडत नाही, ओळखीचा माणूस पडतो. यावर चांगला अभ्यास झालेला आहे. येल विद्यापीठातल्या अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात जवळपास ३० हजार मतदारांवर प्रयोग केला, काहींच्या घरी माणूस पाठवला, काहींना पत्रं पाठवली, काहींना फोन केले. प्रत्यक्ष दारात जाऊन बोलल्यानं मतदान चांगलंच वाढलं, पत्रानं थोडंसं, अन् पैसे देऊन करवलेल्या फोनचा काही उपयोग झाला नाही. नंतर २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी फोनवरच, पण वेगळे प्रश्न विचारून पाहिले: किती वाजता जाणार, कुठून जाणार, त्याआधी काय करत असणार. नुसतं "मत द्या बरं का" म्हणण्यापेक्षा या प्रश्नांचा परिणाम जास्त झाला, आणि तो मुख्यतः अशा घरांत झाला जिथे मतदार एकटाच होता. कारण सोपं आहे, कुटुंबात राहणाऱ्याला कोणीतरी चल म्हणणारं असते, एकट्याला नसते. आता आपल्या नागपुरातली पोरं आठवा, नंदनवन, प्रतापनगर, धरमपेठेत रूम करून राहणारी, हॉस्टेलवाली, सकाळी उठवायला कोणी नाही, सुट्टी मिळाली की गावाला पळायचं नाहीतर दुपारपर्यंत झोपायचं. यांना "काय बे, सकाळी आठला निघतो, तू खाली ये" म्हणणारा मित्र म्हणजे फॅन ग्रुपमधलाच कोणीतरी.

आणि हेही सांगायला पाहिजे की फॅन लोक जोरात उतरले म्हणजे त्यांचा उमेदवार निवडून येतो असं नाही. स्विफ्टीज फॉर कमलाचा स्विफ्टशी थेट संबंध नव्हता, फॅन लोकांनीच २७ ऑगस्टला ऑनलाइन सभा घेतली, त्यात सिनेटर एलिझाबेथ वॉरेन होत्या, गायिका कॅरोल किंग होत्या, एक लाख डॉलरच्या वर पैसे जमले, अन् नोव्हेंबरमध्ये हॅरिस हरल्या. इंडोनेशियात फेब्रुवारी २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत के-पॉप फॅन लोकांनी अनीस बासवेदान यांच्यासाठी आपल्या खिशातून वर्गणी काढून एलईडी स्क्रीनवाले ट्रक लावले, जसे ते कोरियन गायकांच्या वाढदिवसाला लावतात तसेच. अनीस हरले, प्रबोवो ५८ टक्क्यांच्या वर मतं घेऊन जिंकले. फिलिपिन्समध्ये २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार लेनी रोब्रेदो यांच्यामागे के-पॉपवाले मोठ्या संख्येनं होते, त्याही हरल्या. कारण फोनच्या स्क्रीनवर ज्यांचा आवाज मोठा ते देशातले सगळे मतदार नसतात. मग हे काम वाया गेलं का? मला नाही वाटत. ज्या पोरीनं पहिल्यांदा दुसऱ्या चार जणींची नोंदणी करून दिली तिला ते काम येते आता, अन् ते निकालानं पुसलं जात नाही.

आता नागपूर

२०२४ च्या लोकसभेला नागपूर मतदारसंघात २२ लाखांच्या वर मतदार होते आणि मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साधारण दहा लाख लोक गेले नाहीत. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरला ७१ टक्क्यांच्या वर झालं, जिथे बऱ्याच भागात सुरक्षेमुळे दुपारी ३ लाच मतदान संपवत होते अन् लोक जंगलातून चालत येतात. उन्हाचं कारण सांगतात, ऊन काय फक्त नागपुरातच असते काय? शुक्रवार होता, शनिवार-रविवार जोडून आला, लोक बाहेरगावी गेले, हे खरं आहे. पण एक मोठं कारण असं आहे ज्याच्याबद्दल मतदानाच्या दिवशी सकाळी सगळे ओरडतात अन् दुसऱ्या दिवशी विसरतात: यादीत नावच सापडत नाही, किंवा सापडते ते जुन्या पत्त्यावर.

इथेच फॅन ग्रुपचं खरं काम आहे आणि इथेच वेळेचा सगळा खेळ आहे. कायदा असा आहे की उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादी बंद. अर्ज आल्यावर हरकतींना वेळ द्यावा लागते, म्हणून त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी तुमचा अर्ज गेलेला पाहिजे. आता २०२४ चं कॅलेंडर लावून बघा. निवडणूक जाहीर झाली शनिवारी १६ मार्चला. नागपूर पहिल्याच टप्प्यात, अर्ज भरायची शेवटची तारीख २७ मार्च, मतदान १९ एप्रिल. २७ मधून दहा दिवस वजा करा, १७ मार्च येते. म्हणजे टीव्हीवर बातमी पाहून जागा झालेल्या माणसाच्या हातात जेमतेम एक दिवस होता, तोही रविवार! अन् फॅन ग्रुप, कॉलेज, सोसायट्या, सगळे मतदान जागृतीच्या रील बनवायला लागले ते एप्रिलमध्ये. रील छान होत्या, पण ज्याचं नाव नाही त्याला त्याचा काय उपयोग.

म्हणून निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी महिने आधी, शांततेच्या काळात, हे काम करायचं. नोंदणीसाठी वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला १८ पूर्ण झालेले पाहिजेत. आधी फक्त १ जानेवारी होती, त्यामुळे फेब्रुवारीत वाढदिवस असणाऱ्याला वर्षभर थांबावं लागायचं, कायद्यात बदल होऊन २०२२ पासून चार झाल्या. आणि १७ पूर्ण झालं की अर्ज आधीच देऊन ठेवता येते, १८ झाले की नाव लागते. के-पॉपच्या ग्रुपमध्ये अकरावी-बारावीची पोरं भरपूर असतात, त्यांच्यासाठी ही सगळ्यात कामाची माहिती आहे अन् बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते.

फॉर्मचे नंबर पाठ असू द्या. पहिल्यांदा नाव लावायला फॉर्म ६. पत्ता बदलला, नावाचं स्पेलिंग चुकलं, फोटो बदलायचा, कार्ड हरवलं, यासाठी फॉर्म ८. नाव वगळायला किंवा हरकत घ्यायला फॉर्म ७. सगळं निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर, अॅपवर होते, फुकट होते, कोणाला एक रुपया द्यायची गरज नाही. अडलं तर १९५० हा हेल्पलाइन नंबर, आणि तुमच्या भागाचा बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, जो बहुतेक वेळा शाळेतले सर किंवा मॅडम नाहीतर अंगणवाडीतल्या ताई असतात.

एक उदाहरण जवळून बघू. समजा एक पोरगी महालात वाढली, वडिलांनी बेसात फ्लॅट घेतला, घरचे सगळे तिकडे गेले, मतदार कार्ड महालचंच. घरी सगळ्यांना वाटते की नागपूरच तर आहे. पण महाल नागपूर मध्य विधानसभेत येते अन् बेसा येते कामठी विधानसभेत, आणि कामठी आहे रामटेक लोकसभेत. म्हणजे उमेदवारच वेगळे, पूर्ण यादीच वेगळी. तिनं फोन काढून अॅपमध्ये कार्डावरचा नंबर टाकला की नाव, विधानसभा, भाग क्रमांक, अनुक्रमांक अन् केंद्राची शाळा एवढं सगळं समोर येते. तिथेच फॉर्म ८ उघडायचा, घर बदललं हे निवडायचं, दुसरा विधानसभा मतदारसंघ निवडायचा, नव्या पत्त्याचा पुरावा, लाइट बिल किंवा बँकेचं पासबुक जोडायचं, पाठवायचं. मग जो रेफरन्स नंबर येते तो स्क्रीनशॉट काढून ग्रुपमध्ये नाही टाकायचा, स्वतःजवळ ठेवायचा, कारण त्यावरून अर्ज कुठवर आला ते पाहता येते. ग्रुपमध्ये फक्त "झालं" एवढं लिहायचं. लोकांचे मतदार नंबर, जन्मतारखा, पत्ते एकत्र गोळा करून शीट बनवायचा मोह होते, तो टाळा, अशी शीट फिरत फिरत कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

हॉस्टेलवाल्यांचं वेगळं. यवतमाळ, गोंदिया, वाशीमहून आलेली पोरं विचारतात, आम्ही इथे मत देऊ शकतो का? विद्यार्थ्याला गावचं नाव ठेवायचं की हॉस्टेलच्या पत्त्यावर घ्यायचं हे निवडता येते, हॉस्टेलच्या पत्त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड लागते. पण दोन ठिकाणी नाव चालत नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर वर्षापर्यंतची शिक्षा आहे. ज्याला सुट्टीत गावाला जायचंच आहे त्यानं गावचंच ठेवावं, जो चार वर्षं इथेच राहणार त्यानं इथे घ्यावं, हा निर्णय ग्रुपनं नाही, त्यानं स्वतः करायचा.

कायद्यात चक्क गाण्याचा कार्यक्रम लिहिलेला आहे

हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत सभा-मिरवणुका बंद हे सगळ्यांना माहीत असते, पण त्याच कलमात असंही आहे की लोकांना ओढून आणायला संगीताचा कार्यक्रम, नाटक किंवा कसलीही करमणूक ठेवून निवडणुकीचा प्रचार करायचा नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की गाण्याला गर्दी जमते.

नागपुरात २०२४ ला मतदान संध्याकाळी ६ ला संपत होतं, म्हणजे ही बंदी सुरू झाली १७ एप्रिलच्या संध्याकाळी ६ पासून, आणि १७ एप्रिलला होती रामनवमी. त्याच्या तीन दिवस आधी भीमजयंती. आपल्या शहरात एप्रिलचा हा आठवडा म्हणजे रस्त्यावर नुसतं संगीत असते, इकडे भीमगीतं, कव्वाल्या, तिकडे शोभायात्रेत ढोल-ताशा पथकं. उत्सव होतो त्याला कोणाची ना नाही. पण पथकातल्या किंवा गाण्याच्या मंडळातल्या पोरांना हे माहीत असलं पाहिजे की वाजवता वाजवता कोणा उमेदवाराचं गाणं लावलं, घोषणा दिली, तर ते प्रचारात जाते. आणि धर्माच्या, जातीच्या नावानं मत मागणं तर ४८ तासच काय, कधीच चालत नाही. "मतदान करा" एवढंच सांगणं यात येत नाही, कारण कलमात निकालावर परिणाम करायच्या हेतूनं केलेला प्रचार अभिप्रेत आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, तो नियम तर वर्षभराचाच आहे.

पैशाचं आणखी कडक आहे. इंडोनेशियासारखा एलईडी ट्रक आपल्याकडे वर्गणी काढून लावतो म्हणाल तर नाही लावता येत. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं गुन्हा आहे, आणि परवानगी घेतली तर तो खर्च त्याच्या हिशोबात जातो, लोकसभेसाठी महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे. पॅम्प्लेट छापलं तर त्यावर छापणाऱ्याचं अन् प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजेच. "अमुकला मत दे, तुला शोचा पास देतो" ही सरळ सरळ लाच आहे, मग पास शंभर रुपयांचा का असेना. आणि गाड्या करून मतदारांना फुकट केंद्रावर नेणं, उमेदवाराच्या संमतीनं केलं तर तो भ्रष्ट आचार समजतात, त्यामुळे ग्रुपनं या गाड्यांच्या नादी लागूच नये. दिव्यांग मतदारांना व्हीलचेअर, मदत हवी असेल तर आयोगाचं 'सक्षम' अॅप आहे, त्यावर मागणी टाकून द्या.

कोणाला सोबत घ्यायचं

नागपुरात गाणं ऐकणारे म्हटलं की फक्त के-पॉपवाले किंवा कॉलेज फेस्टमधले बँडवाले डोळ्यासमोर आणू नका. या शहरात कराओके ग्रुप किती आहेत बघा, सायंटिफिक सभागृहात, छोट्या छोट्या हॉलमध्ये किशोर-रफी-लताची गाणी म्हणणारे रिटायर्ड काका-काकू, त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप तर पोरांपेक्षा जास्त चालतात. मला वाटते खरी जोडी ही आहे. पोरांना फॉर्म पटापट भरता येतात, काकांना आपल्या वस्तीतला बीएलओ कोण, केंद्र कोणत्या शाळेत, कोणाच्या घरी कोण वारलं अन् त्यांचं नाव अजून यादीत आहे, हे सगळं ठाऊक असते. कार्यक्रमाच्या इंटरव्हलमध्ये आयोजकांना विचारून दारापाशी एक टेबल लावलं, दोन पोरं फोन घेऊन बसली, आणि चहा घ्यायला बाहेर येणाऱ्याला "काका, तुमचं नाव यादीत चेक करून देऊ?" एवढं विचारलं तरी हेडकाउंटवाल्यांचंच काम झालं ते.

त्या काका-काकूंच्या घरी ज्यांचं वय ८५ च्या वर आहे त्यांच्यासाठी घरूनच मतदानाची सोय आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांनाही आहे, फॉर्म १२-डी भरावा लागते. पण तो अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांच्या आत द्यावा लागते. २०२४ ला नागपूरची अधिसूचना निघाली २० मार्चला, म्हणजे २५ पर्यंतच. हे पाच दिवस इतके चटकन जातात की आधीपासून कोणाच्या घरी आजी-आजोबा आहेत ते कोणीतरी लक्षात ठेवलेलंच पाहिजे.

मतदानाच्या आठवड्यात मग काम सोपं राहते. प्रत्येक व्हॉलंटियरनं आपल्या ओळखीचे दहा जण घ्यायचे, त्याहून जास्त नको, आणि त्यांना एक एक करून विचारायचं, किती वाजता जाणार, कोणासोबत, कुठून. ग्रुपवर फॉरवर्ड टाकून नाही, फोन करून. एप्रिलचं ऊन लक्षात घेता सकाळी ७ ते १० ची वेळच सांगा, तर्री पोहे नंतर. घरी आलेली मतदार स्लिप ही ओळखपत्र नाही, केंद्र शोधायला आहे. सोबत मतदार कार्ड किंवा आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यांपैकी एक पाहिजे. केंद्रापासून १०० मीटरच्या आत कोणासाठीही मत मागायचं नाही. कोणी आत गेला अन् त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत टाकून गेलं असं कळलं तर भांडून परत नाही यायचं, केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट मागायचं, नियम ४९-पी, ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. अन् कोणीच पसंत नसेल तर 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय, २०१३ पासून आहेच, तेही ग्रुपमध्ये सांगायला लाजू नका.

आणखी एक, महानगरपालिकेच्या निवडणुकीलाही विधानसभेचीच यादी वापरतात, प्रभागाप्रमाणे वाटून. म्हणजे लोकसभेसाठी म्हणून ज्याचं नाव नीट करून दिलं ते विधानसभेला, मनपाला, सगळीकडे कामी येते. ग्रुपमध्ये हे काम सुरू करायचं असेल तर पुढच्या वेळी जमाल तेव्हा, गाणी लावायच्या आधी, सगळ्यांनी आपापल्या फोनवर आपलं अन् घरच्यांचं नाव शोधून बघा. ज्याचं नाही सापडलं त्याचा फॉर्म तिथेच बसून भरा, अन् पंधरा दिवसांनी तो अर्ज कुठवर आला हे त्याला विचारायची जबाबदारी एकाकडे द्या, नाव घेऊन.